परदेशची हत्यारे आणि नागपूरचा सुतार

नागपूर आणि सागवान यांचे नाते सर्वपरिचित आहे. चांदा, आलापल्ली आणि बल्लारशाह या पट्ट्यातील जंगलांतून निघणारे सागवान व्यापारात आजही 'सीपी टीक', म्हणजे जुन्या मध्य प्रांताचे सागवान, या नावाने ओळखले जाते. शहरातील लकडगंज हा भाग याच मालाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरहूनच सागवान गेले. लाकडाची ही कीर्ती योग्यच आहे, परंतु ज्या पोलादाने त्या लाकडाला खांबाचे, दाराचे किंवा पाळण्याचे रूप येते, त्या पोलादाच्या वाट्याला तेवढे लक्ष आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुताराच्या हत्यारांचे हे पोलाद मोठ्या प्रमाणावर समुद्रापलीकडून येऊ लागले, आणि त्या खरेदीचा क्रम पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते: परदेशात जाऊन किंवा परदेशी माणसाकरवी हत्यार निवडणारा आणि ते नागपुरात हाती धरून लाकडाला लावणारा, ही फार दीर्घ काळ दोन निरनिराळी माणसे होती. निवड एकाची, घाम दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था शंभर वर्षे टिकली, आणि नागपूरच्या सुताराची कसबी बुद्धी नेमकी या दोहोंमधल्या अंतरात कामाला आली.

रेल्वे येण्यापूर्वी हत्याराचा प्रवास गावाच्या वेशीबाहेर फारसा जात नसे. सुतार आणि लोहार हे दोघेही बलुतेदार, म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात सुगीला धान्याचा ठरलेला वाटा घेणारे कारागीर, असल्यामुळे सुताराला हत्यार हवे असल्यास तो शेजारच्या लोहाराच्या भात्याशी जाऊन बसे. विदर्भात सुताराला वाढई असेही म्हणत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात बढई या नोंदीखाली सुतार, खरादी आणि मिस्त्री ही नावे एकत्र येतात, ज्यांपैकी खरादी म्हणजे लाकूड चरकावर फिरवून कातणारा कारागीर. या सुताराच्या पिशवीत हत्यारे मोजकीच असत: लाकूड तासण्यासाठी आडव्या पात्याचा वाकस, सपाट धारेची पटाशी, खोल आणि अरुंद भोके पाडण्याचे किंकरे, पृष्ठभाग गुळगुळीत करणारा रंधा, करवत, काटकोन तपासण्याचा गुण्या, आणि धनुकलीच्या दोरीने फिरवून भोक पाडण्याचा सामता. लोहार हत्याराचे अंग मऊ लोखंडाचे घडवी आणि केवळ धारेच्या जागी पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून एकजीव करी. मग ते पाते तापवून पाण्यात बुडवले जाई, ज्याला पाणी देणे म्हणतात, आणि पोलाद किती कठीण व्हावे हे लोहाराच्या नजरेवर अवलंबून असे.

या हत्यारांमागे शरीराची एक विशिष्ट बैठक होती आणि पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तीच आहे. देशी सुतार जमिनीवर बसून काम करी, लाकूड पायाने दाबून धरी, आणि त्याच्या करवतीचे दात मुठीकडे कललेले असल्यामुळे ती करवत ढकलताना नव्हे, स्वतःकडे ओढताना कापत असे. ओढताना पाते ताणले जाते, म्हणून ते पातळ असले तरी वाकत नाही. बसलेल्या माणसाला ओढण्यात जोर अधिक मिळतो. आणि पातळ पात्यामुळे लाकडाचा भुसाही कमी होतो. इंग्रजी करवत याच्या उलट, उभ्या माणसाने कमरेइतक्या उंच मेजावर लाकूड शिकंज्यात आवळून पुढे रेटावी अशा हिशेबाने बनलेली होती, आणि रेटताना वाकू नये म्हणून तिचे पाते जाड ठेवलेले किंवा पाठीवर पितळेची वा लोखंडाची पट्टी बसवलेली असे. त्यामुळे इंग्रजी करवत विकत घेणे म्हणजे मेज, शिकंजा आणि उभे राहण्याची सवय यांसह संपूर्ण कारखानाच विकत घेणे होते, ही बाब दूरवर बसून खरेदी करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच आली असावी.

देशी हत्यारांनी होणारे काम कमी दर्जाचे होते असे समजण्याचे काहीच कारण नाही. नागपूरच्या भोसले राजांच्या काळात शहराच्या महाल भागात जे वाडे उभे राहिले, त्यांतील खांब, तुळया, महिरपी आणि तुळईला आधार देणारे कोरीव हस्त हे सारे वाकस, किंकरे आणि पटाशी यांचेच काम होते, आणि त्यांची मापे २४ तसूंच्या गजाने, म्हणजे सुताराच्या जुन्या मोजपट्टीने, घेतलेली होती. काळ्या दगडात बांधलेला आणि लाकडी नक्षीकामाने सजवलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत भस्मसात झाला आणि त्यातला नगारखाना तेवढा उरला, ही नागपूरच्या काष्ठकलेची न भरून येणारी हानी आहे. याच परंपरेची दुसरी, साधी शाखा आजही जिवंत आहे: तान्ह्या पोळ्याला मुले जे लाकडी बैल ओढत नेतात, त्या प्रथेचा आरंभ दुसऱ्या रघूजींनी १८०६ साली केला असे परंपरेने मानले जाते, आणि प्रतिवर्षी त्या सणाच्या आधी बैल घडवणाऱ्या हातांत वाकस, पटाशी आणि कानस दिसतात.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि पुढच्या आठ वर्षांत हत्यारांचा भूगोल पार बदलला. रिचर्ड टेंपल हे मुख्य आयुक्त असताना १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा अजब बंगला, उभे राहिले. डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कला, कारागिरी आणि उत्पादने यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळकडून येणारी शाखा नागपूरला पोहोचली. आणि १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्याने इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या जहाजाला आफ्रिकेचा वळसा घेण्याची गरज उरली नाही. योगायोग असा की त्याच १८६९ साली अमेरिकेतील स्टॅनले कंपनीने लेनर्ड बेली यांच्या रंध्याचे हक्क विकत घेतले. जुन्या रंध्यात पाते पाचरीने आवळलेले असे आणि ते पुढे-मागे करायचे तर हातोडीचे ठोके द्यावे लागत; बेली यांच्या रंध्यात ते काम स्क्रू फिरवून होई, आणि जगभर आज जो लोखंडी रंधा सुताराच्या हाती दिसतो त्याचा मूळ आराखडा हाच होय. अशा रीतीने सागवानाच्या जंगलापासून शेफील्डच्या भट्टीपर्यंतचा रस्ता अवघ्या दोन-तीन वर्षांत सलग झाला.

शेफील्डचे नाव येथे अपरिहार्य आहे. इंग्लंडातील या शहरात अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन हंट्समन यांनी बंद मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली, आणि तिच्यामुळे सर्वत्र एकसारख्या कसाचे पोलाद मिळू लागल्याने पटाश्या, करवती आणि रंध्याची पाती बनवणाऱ्या असंख्य लहानमोठ्या कारखान्यांचे ते माहेरघर बनले. १७६० पासून चालत आलेली स्पिअर अँड जॅक्सन, १८२८ ची विल्यम मार्पल्स, आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियात १८४० साली हेन्री डिस्टन यांनी काढलेला करवतींचा कारखाना, ही नावे साम्राज्यभरच्या कारखान्यांत आणि बाजारांत पोहोचली. लोहाराच्या हत्याराला एका भात्यातून दुसऱ्या भात्यात गेल्यावर जो कसातला फरक पडे, तो या पोलादात पडत नसे, आणि सुताराला त्याचे खरे मोल वाटले ते एवढ्याचसाठी.

ही हत्यारे निवडली कोणी, हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी कामांसाठी लागणारा माल, तो पुलाचा गर्डर असो की पटाशी, प्रांतातून इंडेंट म्हणजे मागणीपत्र पाठवून मागवला जाई. ते लंडनमधील इंडिया ऑफिसच्या भांडार खात्याकडे जाई, तेथे निविदा निघत, लॅम्बेथ येथील भांडारात मालाची तपासणी होई आणि मग तो मुंबईच्या जहाजावर चढे. रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळेही लंडनमध्येच बसत आणि तिथूनच खरेदी करीत. बंगाल नागपूर रेल्वेच्या नागपूर येथील मोतीबाग कारखान्यात अरुंद मापाच्या गाड्यांच्या दुरुस्तीचे काम चाले, त्या काळी डब्यांच्या सांगाड्यात आणि अंतर्भागात सागवानाचा वापर भरपूर असे, आणि अशा कारखान्यांतच खेड्यातून आलेल्या सुताराने प्रथम उभे राहून, शिकंजा लावलेल्या मेजावर, रेटण्याची करवत चालवली. त्याला हत्यार निवडण्याचा अधिकार नव्हता. हत्यार कारखान्याचे असे, ते टोकन देऊन घ्यायचे आणि संध्याकाळी परत करायचे. स्वतःच्या हत्यारांवर स्वतःची मालकी असलेल्या बलुतेदाराच्या दृष्टीने हा बदल मजुरीच्या दरापेक्षाही मोठा होता.

कारखानदाराने स्वतः परदेशी जाऊन खरेदी केल्याचे नागपूरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एम्प्रेस मिलचे आहे. जमशेटजी टाटा यांनी लँकेशायरमध्ये जाऊन कापड धंद्याचा अभ्यास केला, १८७४ साली कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले त्या दिवशी, गिरणी सुरू झाली. आरंभी काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे निकृष्ट ठरल्याने लवकरच बदलावी लागली, हा अनुभव त्यांनी स्वीकारला आणि पुढे नव्या पद्धतीच्या रिंग चात्यांचा प्रयोग करून गिरणीला नावारूपाला आणले. कापड गिरणी ही सूत आणि लोखंड यांइतकीच लाकडाचीही वस्तू असते, कारण धोटे, बॉबिनी, मागाचे दांडे हे सारे लाकडी आणि सतत झिजणारे. त्यामुळे गिरणीला सुतारखाते लागतेच. परंतु येथेही निवड करणारी नजर मालकाची आणि विलायती अभियंत्याची होती. जमशेटजींसारख्या दूरदृष्टीच्या माणसालाही पहिल्या खरेदीत ठेच लागली, हे ध्यानात घेतल्यास कागदावरच्या मागणीपत्रावरून लंडनमध्ये बसून पटाशी निवडणाऱ्या कारकुनाचे काय होत असेल याची कल्पना येते.

हत्यार नागपुरात पोहोचल्यावर त्याचे जे झाले ते या इतिहासाचे सर्वांत समृद्ध प्रकरण आहे. इंग्रजी लाकडी रंध्याचा ठोकळा बीच या युरोपीय झाडाचा असे, आणि बीच हे लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फार फुगते व आकसते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा भट्टीसारखी कोरडी होते, आणि जूनच्या मध्यानंतर त्याच हवेत पाणी भरते. या दोन टोकांमध्ये परदेशी ठोकळा तडकणे किंवा पिळणे अटळ होते. सुताराने यावर काढलेला तोडगा सरळ होता: पाते तेवढे विकत घ्यायचे आणि ठोकळा शिसव, बाभूळ किंवा मुरलेल्या सागवानाचा स्वतः घडवायचा. पटाश्यांच्या मुठी आणि हातोड्यांचे दांडे यांसाठी विदर्भातील जंगलांत धावडा आणि तिवस ही चिवट लाकडे होती, ज्यांचा उपयोग बैलगाडीच्या आखांसाठी व शेतीच्या अवजारांसाठी पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता. शेफील्डचे पाते आणि जंगलातील लाकडाचा ठोकळा असा हा जोडरंधा भारतभर रूढ झाला, आणि आजही जुन्या मिस्त्रींच्या पेटीत तो सापडतो.

करवतीबाबत अधिक कौशल्य लागे. त्रिकोणी कानशीने दात पुन्हा काढून त्यांचा कल बदलता येतो, आणि त्यामुळे रेटण्याची करवत ओढण्याची करून घेणे अशक्य नव्हते. दात एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला किंचित वाकवणे, ज्याला दात फाकवणे म्हणतात, हेही सुतार स्वतः करी, आणि ओल्या लाकडासाठी ते अधिक, सुकलेल्या सागासाठी कमी ठेवी. सागवानात वाळूचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे त्यावर कोणतीही धार लवकर बोथट होते. जे पाते पाइन किंवा ओक या लाकडांवर दिवसभर टिके ते येथे वारंवार निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, घासावे लागे. निसण्याला तेल किंवा पाणी किती लावावे, पात्याचा उतार किती अंशांचा ठेवावा, हे ज्ञान कोणत्याही विलायती कॅटलॉगमध्ये नव्हते, ते या लाकडावर काम करणाऱ्या हातांनीच साठवले.

हत्याराचा दुसरा जन्म हाही याच ज्ञानाचा भाग होय. झिजलेली कानस ही उत्तम पोलादाची असते. ती लोहाराकडे नेऊन तापवून मऊ करायची, घडवून तिची पटाशी करायची आणि पुन्हा पाणी द्यायचे, ही रीत देशभर चालत आली आहे. कानशीचे पोलाद फार कठीण आणि म्हणून ठिसूळ असते, त्यामुळे पाणी दिल्यानंतर ते पुन्हा हलके तापवून, पृष्ठभागावर चढणारा पिवळसर-तपकिरी रंग पाहून थांबवावे लागते. रंग निळ्यावर गेला की धार मऊ पडते. म्हणजे एका बाजूला शेफील्डची कानस आणि दुसऱ्या बाजूला बलुतेदारीच्या काळापासूनचा भाता, असे दोन्ही काळ एकाच पटाशीत एकत्र येत. आयात मालाने देशी लोहार बुडाला असे सरसकट विधान केले जाते. सुतारकामाच्या हत्यारांपुरते ते अर्धेच खरे आहे, कारण आयात पोलादानेच लोहाराला उत्तम कच्चा माल मिळवून दिला.

बाजाराची वाट सरकारी वाटेहून वेगळी होती. मुंबईत लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट येथे हत्यारांचे व हार्डवेअरचे व्यापारी एकवटले आणि तेथून माल रेल्वेने नागपूरला येई, जिथे इतवारीतील लोहा ओळ, म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानांची रांग, ही त्याची पेठ बनली. या व्यापारात दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांचे स्थान मोठे राहिले. गिऱ्हाईक अक्षर वाचत नसले तरी पात्यावरचा छाप ओळखे, आणि म्हणूनच छापांची नक्कल हा मोठा प्रश्न झाला. जर्मनीतील रेमशाईड व झोलिंगेन या शहरांतील स्वस्त माल इंग्रजी नावे छापून विकला जात असल्याची तक्रार ब्रिटिश कारखानदार करीत. १८८७ साली ब्रिटनमध्ये आणि १८८९ साली भारतात व्यापारी चिन्हांविषयीचे कायदे झाले आणि मालाचे मूळ स्थान नोंदवण्याचा दंडक आला. कायद्याचा हेतू इंग्रज कारखानदाराला राखण्याचा होता, परंतु त्यातून इतवारीच्या गिऱ्हाइकाला कोणते पोलाद कोठले हे प्रथमच कळू लागले, आणि चांगले जर्मन पोलाद पुढे स्वतःच्या नावावर खपले. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, शेफील्ड शस्त्रनिर्मितीत गुंतले, आणि परावलंबनाची किंमत सरकारच्याही ध्यानात आली; टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगानंतर १९२२ साली भारतातच खरेदी करणारे भांडार खाते स्थापन झाले.

स्वदेशीच्या चळवळीपुढे हत्यारांनी एक अवघड पेच टाकला होता, कारण देशी खुर्ची घडवायची तरी पटाशी विलायती. नागपूरच्या अजब बंगल्याचा या प्रश्नाशी एक विलक्षण संबंध आहे: विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा चांदा भागातील लोहखनिजाच्या शोधात असताना सचिवालयासमोरच्या या संग्रहालयात गेले, तेथे लावलेल्या भूगर्भीय नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाचे साठे दिसले, आणि त्या सुगाव्याने सुरू झालेल्या शोधाची परिणती पुढे टाटांच्या साक्ची येथील पोलाद कारखान्यात झाली, जेथे १९१२ साली पहिले पोलाद निघाले. १९२०च्या दशकात टाटांची ॲग्रिको कुदळी आणि फावडी करू लागली. बारीक धारेच्या हत्यारांसाठी मात्र शेफील्डचाच छाप चांगला, ही बाजाराची समजूत आणखी बराच काळ टिकली.

नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यात याच प्रश्नाला दुसरे उत्तर शोधले गेले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र मगनवाडी येथे होते, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते, आणि १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने मांडली गेली. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगाद्वारे शिक्षणाची जी योजना आखली तीत सूतकताई व शेती यांच्याबरोबर सुतारकामाचाही समावेश होता. गावातच घडवता येईल आणि गावातच दुरुस्त होईल असे हत्यार, हा वर्ध्याचा आग्रह होता, आणि तो सुताराच्या जुन्या व्यवहाराशी जुळणारा होता. शासकीय तंत्रशिक्षणाने मात्र दुसरी वाट धरली: १९१४ साली नागपुरात निघालेली अभियांत्रिकी शाळा, जी आजचे शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि १९५० नंतर देशभर उघडलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या अभ्यासक्रमांत जॅक रंधा, टेनॉन करवत, फर्मर पटाशी असे इंग्रजी नमुनेच प्रमाण ठरले. जमिनीवर बसून काम करण्याची रीत शाळेत शिकवण्यासारखी नाही असे गृहीत धरले गेले, आणि हा निर्णय घेताना तिचे गुणदोष कोणी तपासलेले दिसत नाहीत. ही मोठी चूक होती.

स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यावर गेली, परकीय चलन दुर्मिळ झाले, १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बंधने अधिक आवळली, आणि पंजाबातील जालंधर व लुधियाना या शहरांनी हातहत्यारांचा बाजार व्यापला. परदेशी हत्यार आता दुकानातून नव्हे, प्रवाशाच्या सामानातून येऊ लागले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या माणसाने आणलेला टेप, स्क्रू-ड्रायव्हरचा संच किंवा विजेचे ड्रिल यंत्र हे या काळातले परदेशी हत्यार होय, आणि त्याची निवडही पुन्हा सुताराने केलेली नव्हती. शिवाय अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची आणि जपानमधील १०० व्होल्टची असल्यामुळे तेथून आणलेले विजेचे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही. हौसेने केलेली खरेदी अशा साध्या कारणाने फुकट जाई.

हे चित्र १९७३ नंतरच्या तेलाच्या तेजीने बदलले, कारण आखाती देशांतील बांधकामांवर भारतीय कारागीर मोठ्या संख्येने जाऊ लागले आणि सुतार स्वतःच प्रवासी झाला. तेथील काम बहुधा शटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे उभारण्याचे, असल्यामुळे त्याला कोरीव कामाची पटाशी लागत नसे. लागे तो खिळे उपटण्याच्या चिमट्याचा हातोडा, पोलादी टेप आणि विजेची गोल करवत. परतताना तो हीच हत्यारे घेऊन आला, आणि इंच व सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, यांत मोजणाऱ्या कारागिराच्या खिशात मिलिमीटरही आला. १९९८ च्या भारतीय सामान नियमांत परत येणाऱ्या प्रवाशाला व्यवसायाची जी उपकरणे ठरावीक मर्यादेत शुल्काविना आणण्याची सवलत दिली होती, तिच्या व्याख्येत सर्वप्रथम सुताराचा उल्लेख होता, त्यानंतर प्लंबर, वेल्डर आणि गवंडी. कॅमेरे, संगणक यांसारख्या सामान्य वापराच्या वस्तू मात्र तीतून स्पष्टपणे वगळल्या होत्या. परदेशातून हत्यार विकत आणणारा सुतार येथे कायद्याच्या भाषेत अवतरला, आणि एकेकाळी लंडनच्या मागणीपत्रांत ज्याची गणती नव्हती त्याला मिळालेली ही दखल लहान मानता येणार नाही.

१ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधने उठली, आणि आज जर्मन किंवा जपानी हत्यार नागपुरात बसूनही मागवता येते. गेल्या काही दशकांत परदेशी जाणारे हौशी सुतारकाम करणारे लोक जी जपानी करवत आवर्जून घेऊन येतात, ती ओढताना कापणारी, पातळ पात्याची असते, म्हणजे मोतीबागच्या मेजावर आणि तंत्रशाळेच्या वर्गात जी सोडून द्यायला लावली त्याच रीतीची. महालातील वाड्यांचे हस्त घडवणाऱ्या कारागिराला तिची मूठ अनोळखी वाटली नसती. जपानने आपल्या सुताराची रीत जपली, तिला उत्तम पोलाद दिले, आणि जगाला ती विकली. येथे ती मागास मानून अभ्यासक्रमाबाहेर ठेवली गेली.

ज्या घरांत आजोबांची हत्यारपेटी अजून माळ्यावर आहे, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी पात्यांवरचे छाप, ठोकळ्याचे लाकूड आणि करवतीच्या दातांचा कल नोंदवून ठेवावा, आणि शक्य असल्यास हत्यारे हाताळून दाखवणाऱ्या जुन्या मिस्त्रीचे चित्रण करून घ्यावे. नागपुरात अजब बंगला आहे, बंगाल नागपूर रेल्वेच्या वारशाचे अरुंद मापाच्या गाड्यांचे संग्रहालय २००२ पासून आहे, वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. या तिन्ही संस्थांनी मनावर घेतल्यास विदर्भातील सुताराच्या हत्यारांचा सलग संग्रह उभा राहू शकतो, आणि तो उभा करण्याचे काम आताच हाती घेतले पाहिजे, कारण ही हत्यारे वापरलेले हात आता वृद्ध झाले आहेत.